एल्साच्या वहीतली सरस्वती

तुषार, गेल्या रविवारी तुझ्या नावावर मी पुन्हा एकदा हशा मिळवला. तू जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते.

क्रेगीबर्नला तुझ्या मेहुण्याकडे, सुहासकडे, आम्ही जमलो होतो. तुझी मृणाल आणि ईरा डार्विनहून आल्यात, शाळेची सुट्टी संपेपर्यंत इथेच आहेत. मृणालने आधीच बजावलं होतं की भाषणं नकोत, फोटोला हार नको, ज्याला जे आठवेल ते त्याने बोलावं. आता असं सांगितलं की माणसांना काहीच आठवत नाही, हे तुला माहीत आहे. पंधरा-वीस जण चहाचे कप धरून कार्पेटकडे बघत बसले होते. शेवटी सुहास म्हणाला, "केदार, तू सांग ना काहीतरी. ती सरस्वतीची सांग. तुषारची."

"हां, ती सांग," कोपऱ्यातून आणखी कुणीतरी.

मी नाही म्हणू शकलो असतो. घसा बसलाय म्हणू शकलो असतो, रडू शकलो असतो. रडायला तर सोळा दिवस तयारच होतो. पण पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझ्या आत कुणीतरी उठून सदरा नीट करतं. मी सांगितली. सगळी, हातवाऱ्यांसकट. लोक हसले, मृणाल हसली, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसलेली तुझी ईरासुद्धा हसली आणि म्हणाली, "दॅट्स सो बाबा."

तिथे मी थांबलो. म्हणजे गोष्ट संपलीच होती, पण मी थांबलो.

कारण ती गोष्ट तुझी नाही. ती माझी आहे. जे केलं ते मी केलं, आणि सतरा वर्षं ते तुझ्या नावावर सांगत आलो. हे तुला माहीत होतं आणि मला. निदान मला तसं वाटत होतं.

तू म्हणशील, पहिल्यापासून सांग. तू ऐकणारा चांगला होतास, मधलं काही गाळू द्यायचा नाहीस.

तर, डँडेनॉन्गचं ते घर. दोन बेडरूम, सहा माणसं. तू बी.कॉम., मी मेकॅनिकलचा डिप्लोमा, पुण्यात चहापलीकडे दोघांनी काही उकळलेलं नाही, आणि इथे दोघंही शेफ व्हायला आलेलो, कारण त्या वर्षांत पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या, यादीत शेफ होते. निम्मा पंजाब कुकरी शिकत होता, उरलेला केशकर्तन. कॉलेज म्हणजे एका टायरच्या दुकानावरचा मजला. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी कांदा म्हणून अंगठा चिरला, ही माझी गोष्ट. शिफ्टवरून येताना एका दिवसात तीनदा ट्रेनमध्ये झोपून शेवटच्या स्टेशनला, पाकनमला पोचलो, तीही माझीच. घराच्या इन्स्पेक्शनला आपल्या सहापैकी चार गाद्या शेजाऱ्याच्या शेडमध्ये लपवायची आयडिया माझी, आणि तो शेजारी घरमालकाचा सख्खा भाऊ निघाला. माझ्या फजित्यांवर मी इथे ओळखी केल्या, नोकऱ्या टिकवल्या, लग्न जमवलं. स्वतःच्या फजित्या सांगायला मला कधी लाज वाटली नाही. एकच सांगितली नाही.

तू तेव्हा वृद्धांच्या त्या होमच्या किचनमध्ये होतास. भाज्यांचा लगदा करायचा, सूप गाळायचं, आणि मेनूच्या फळ्यावर खडूने दिवसाचे पदार्थ लिहायचे. फळ्याच्या कोपऱ्यात तू रोज एक चित्र काढायचास. भोपळ्याचं सूप असेल तर चष्मा लावलेला भोपळा. त्या चित्रांमुळे एल्साने तुला खोलीत बोलावलं. नव्वदीची, बारीक, सूप अळणी म्हणून रोज परत पाठवणारी. तू गुपचूप त्यात जिरं घालायला लागलास आणि तिने सूप परत पाठवणं थांबवलं, एवढी तुमची ओळख.

तिने तुला ती वही दाखवली. तिच्या खापरपणजोबांची, ते जर्मनीत कुठेसे शिकत होते तेव्हाची. आडवी, हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी, हिरवट चामड्याची, पितळी कडीने बंद होणारी. एकेका मित्राचं एकेक पान. एका बाजूला रंगवलेलं चित्र, समोर चार ओळी, खाली नाव, गाव आणि साल. शिकून गाव सोडायच्या आधी प्रत्येकाने लिहून जायचं अशी तिथली रीत. घोड्यावरून पडणारा एकजण, काळ्या कागदातून कापलेली कुणाच्या तरी चेहऱ्याची एक बाजू, रेशमाने बांधलेली केसांची एक बट, आणि तुझं सगळ्यात आवडतं ते होडीचं पान. नदीत होडी, होडीत पाच पोरं, एकाची टोपी पाण्यात.

तू ती आठवड्यासाठी मागून घरी आणलीस, होडीची नक्कल करायला. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलंस, हात दोनदा धुतलेस आणि कडी उघडलीस.

"अरे, ही तर आपली ऑटोग्राफची वही," मी म्हणालो. "दहावीच्या सेंडऑफची."

"तशीच. पण हे बघ." तू एका नावाशेजारी बोट धरलंस, न टेकवता. बारीक क्रॉस होता. "वही ज्याची तो आयुष्यभर ती जपायचा. यातला कुणी गेल्याचं कळलं की त्याच्या नावाशेजारी क्रॉस करायचा. एल्सा म्हणते म्हातारपणी तेवढंच काम उरलं होतं त्याला."

मी पानं उलटून क्रॉस मोजायला लागलो तर तू वही सरकवून घेतलीस.

"आणि गंमत सांगू? सगळ्यांचं पान आहे, फक्त ज्याची वही त्याचं नाही. तो कधी मेला ते वहीला माहीतच नाही."

"वहीचं नशीब," मी म्हणालो. तेव्हा मला सगळ्यावर काहीतरी म्हणायची सवय होती. अजून आहे.

त्याच आठवड्यात दसरा आला.

माझे काका पूजा सांगायचे, एवढ्या भांडवलावर मी त्या घराचा भटजी झालो होतो. मला दोन श्लोक येत होते. पुढचं मी आपल्या ट्रेनलाइनच्या स्टेशनांवर भागवायचो, आवाज नाकात नेऊन. स्प्रिंगवेलाय नमः. नोबलपार्काय नमः. जस्सी, आपल्या घरातला पंजाबी टॅक्सीवाला, डोळे मिटून हात जोडून उभा राहायचा, आणि तू त्याच्यामागे ओठ चावत. आपट्याची पानं कुठून आणणार, म्हणून परसातल्या निलगिरीची आणली होती. सगळ्या घराला सर्दीच्या मलमासारखा वास येत होता. पाटावर, म्हणजे उलट्या घातलेल्या दुधाच्या क्रेटवर, शस्त्रं म्हणून आपल्या दोघांचे कॉलेजने दिलेले सुऱ्यांचे संच, जस्सीच्या टॅक्सीची किल्ली, तीन लॅपटॉप, आणि स्वच्छ नॅपकिनवर एल्साची वही. ती तूच ठेवलीस. तुझी सकाळची शिफ्ट होती, बूट घालता घालता म्हणालास, "पुस्तक आहे, तिलाही ठेव. पण लांबूनच हं, केद्या. अक्षतासुद्धा जरा अलीकडेच टाक."

"नो वरीज," मी म्हणालो.

आता मी तुला जे कधीच सांगितलं नाही ते सांगतो. तू शिफ्टला गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सरस्वती काढायची राहिली. लहानपणी दसऱ्याला पाटीवर काढायचो ती, एकाचा आकडा रांगेने मांडत मांडत होते ती. पाटी नाही. वहीचा कागद होता, प्रिंटरचा कागद होता, पिझ्झाच्या खोक्याचं झाकणसुद्धा होतं. पण माझ्या डोक्यात आलं की सरस्वती खऱ्या पुस्तकातच हवी, आणि त्या घरात खरं पुस्तक म्हणावं असं ते एकच. बाकी सगळ्या कॉलेजच्या झेरॉक्स. मी कडी उघडली. कोरं दिसलं ते पान धरलं. वाटीत कुंकू पाण्यात कालवलं, जरा पातळच झालं, आणि करंगळीने काढली. छान आली होती, तुषार. आजतागायत माझ्या हातून एवढी चांगली आलेली नाही.

मग पान उलटलं. ती होडीच्या चित्राची मागची बाजू होती. कुंकू पार झिरपलं होतं. होडीवरचं आभाळ, जे इतकी वर्षं फिकं निळं होतं, तिथे आता सूर्यास्त झाला होता.

"कुछ हो गया क्या?" जस्सीने डोळे उघडून विचारलं.

"पूजा हो गयी," मी म्हणालो, वही बंद केली, कडी लावली, वर एक झेंडू ठेवला.

मी तुला फोन करू शकलो असतो. संध्याकाळी तू आलास तेव्हा सांगू शकलो असतो. तू निलगिरीचं पान माझ्या हातात देऊन "सोनं घ्या, भटजी" म्हणालास तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. मी "सोन्यासारखे राहा" म्हणालो.

दोन दिवसांनी तू वही एल्साकडे परत घेऊन गेलास, आणि तिच्यासमोर ती उघडलीस. दुपारी तू घरी आलास. मी सिंकपाशी भांडी घासत होतो, जे मी एरवी करत नाही, त्यावरूनच तू ओळखलं असणार.

"केदार, पूजेत वही उघडली होतीस?"

"नाही रे. बंदच होती. वरून फूल वाहिलं."

"आत सरस्वती आहे."

"जस्सीने काढली असेल."

तू नळ बंद केलास. मग म्हणालास, "जस्सीने. एकाच्या आकड्यांची."

"शिकतात रे ही मुलं लवकर."

आणि तू हसलास. अजून मला त्या हसण्याचा राग येतो. चिडला असतास, कॉलर धरली असतीस, तर त्याच मिनिटाला मी पाय धरले असते. तू हसलास, पाठीत एक हलका धपका घातलास आणि अंघोळीला गेलास. मी समजलो, सुटलो. एल्सा काय म्हणाली हे मी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, कधीच नाही. विचारलं असतं तर मला ते का जाणून घ्यायचंय हेही सांगावं लागलं असतं.

गोष्ट म्हणून मी ती पहिल्यांदा सांगितली एका बार्बेक्यूला. तू शिफ्टला होतास. सुरुवात केली, "आमच्या घरातल्या एकाने..." आणि पहिलाच हशा असा आला की माझी छाती फुगली. कुणीतरी विचारलं, "पण एकाने म्हणजे कोणी?" गोष्टीला नाव लागतं, तुषार. नाव नसलं की माणसं हसायची थांबतात. मी म्हटलं, "तुषारने." जीभ जराही अडखळली नाही.

पुढे ती वाढत गेली. एल्सा बेशुद्ध पडायला लागली. होमच्या मॅनेजरबाई "इज दॅट ब्लड?" म्हणायला लागल्या. स्टेशनांचे मंत्र मात्र मी माझ्याकडेच ठेवले, ते खरेच माझे होते. म्हणजे बघ, टाळीचं वाक्य मी स्वतःला घेतलं आणि डाग तुला दिला.

मग एल्सा गेली आणि वही तुझ्याकडे आली. माझ्या सांगण्यात तिचंही कारण तयार होतं: डाग पडलेली वही घरच्यांपैकी कुणाला नको होती. तू ती टेबलावर माझ्यापुढे सरकवलीस, त्याच टेबलावर. "उघडून बघ तरी."

"हात तेलकट आहेत," मी म्हणालो. भजी खात होतो. खरंच तेलकट होते. पण नळ चार पावलांवर होता.

"बरं, नंतर बघ," तू म्हणालास. ते नंतर तू किती वर्षं उघडं ठेवलंस ते मला आत्ता कळतंय.

तू डार्विनला हॉस्पिटलच्या किचनमध्ये नोकरी घेतलीस, त्याच्या आदल्या गणपतीची गोष्ट. क्रेगीबर्नलाच, हॉलमध्ये. प्रसादानंतर गप्पा रंगल्या आणि सुहासने तुझ्यादेखत मला ती सांगायला लावली. मी तुझ्याकडे बघितलं. तू प्लेटमधला मोदक फोडत होतास. एक बाई म्हणाल्या, "अहो, ज्याने केलं तोच बसलाय की इथे, त्यालाच सांगू दे."

"केदारच चांगली सांगतो," तू म्हणालास. "मला तर नीट आठवतही नाही."

मी सांगितली. तुझ्यासमोर. एल्सा बेशुद्ध पडली तेव्हा तूही हसलास.

परत जाताना गाडी तू चालवत होतास. रिंगरोडला लागल्यावर तू आरसा सारखा केलास. मग म्हणालास, "गोष्ट छान झालीये. फक्त माणूस चुकलाय."

मी काय म्हणालो आठवतं? "लोक माझ्या फजित्यांना कंटाळले रे. म्हटलं जरा तुझी एखादी."

"ठीक आहे," तू म्हणालास. "बघ, कधी बदलावीशी वाटली तर."

पुढची सगळी वर्षं आपण ते भांडण विनोदात चालवलं. दर दसऱ्याला डार्विनहून तुझा फोन. तिकडे घामाच्या धारा, पावसाळा तोंडावर, आणि इकडे मी स्वेटरमध्ये. उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं: "काय भटजी, यंदा काय काय रंगवलंत?" मी म्हणायचो, गाडी रंगवली, कुंपण रंगवलं, मेव्हण्याचं तोंड रंगवलं. तू हसायचास. मला वाटायचं तू टोमणा मारतोस. आता वाटतं, तू दरवर्षी दार उघडून धरत होतास आणि मी दरवर्षी दारातूनच विनोद फेकून परत जात होतो. गेल्या दसऱ्यालाही. गेल्या दसऱ्याला तुझा श्वास बोलताना मध्येच तुटत होता. तेही मी उकाड्यावर ढकललं, आणि त्यावरही काहीतरी म्हणालो. काय ते नाही सांगत.

तर रविवारी निघताना मृणाल दारापर्यंत आली. हातात कापडी पिशवी. "हे घरी ने," ती म्हणाली. "नीट बघ. पण शनिवारी परत आण, ते ईराचं आहे आता."

पिशवीला हात लावल्याबरोबर कळलं. कडी टोचली.

"मृणाल, ती गोष्ट..."

"आधी बघ," ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं. रागाने नाही. आत पाहुणे होते.

मी घरापर्यंत पोचलो नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर, हवा भरतात तिथे गाडी लावली. लख्ख ऊन होतं. हात तेलकट नव्हते. सतरा वर्षांनी कडी उघडली आणि सरळ होडीच्या पानावर गेलो. सूर्यास्त जागच्या जागी होता, थोडा तपकिरी पडलेला. पान उलटलं. माझी सरस्वती.

आणि तिच्याखाली, थरथरत्या पेन्सिलीने, बाकीच्या पानांवर असतं तसंच: केदार. डँडेनॉन्ग. आणि ते साल.

अक्षर तुझं नव्हतं. एल्साचं होतं.

म्हणजे तू तिला सांगितलं होतंस. भांड्यांच्या सिंकपाशी मला विचारायच्या आधीच. तुला उत्तर माहीत होतं, नाव लिहूनही झालं होतं, आणि तरी तू मला विचारलंस, म्हणजे मला सांगता यावं म्हणून. आणि मी म्हणालो, जस्सीने काढली असेल.

त्यापुढच्या पानावर त्याच अक्षरात, इंग्रजीत, तिने तुझ्यासाठी लिहिलंय. सुपात जिरं घालणाऱ्या मुलास, माझ्यानंतर ही वही तुझी. खाली तिचं नाव, आणि नावाशेजारी तुझ्या हातचा बारीक क्रॉस. मी त्या क्रॉसकडे किती वेळ बघत बसलो माहीत नाही. हवा भरायला आलेला एकजण काचेवर टकटक करून विचारून गेला, "यू राइट, मेट?" मी अंगठा दाखवला.

काल शनिवार. डँडेनॉन्गहून क्रेगीबर्न म्हणजे सगळं शहर ओलांडून. दीड तास मी गाडीत वाक्यं जुळवत होतो. मला गोष्ट जुळवायला कधी वाक्यं शोधावी लागलेली नाहीत. मृणालने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा टाकते. ईरा टेबलापाशी आहे."

किचनच्या दारात मी तिला विचारलं, "एल्सा काय म्हणाली होती गं? तेव्हा?"

मृणाल पातेलं ठेवता ठेवता थांबली. "आत्ता विचारतोस होय." मग म्हणाली, "तुषार सांगायचा, आधी ती पान डोळ्यांजवळ नेऊन बघत बसली. तो रडकुंडीला आलेला. मग तिने विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला विद्येची देवी आहे, माझ्या मित्राने काढलीये. तर ती म्हणाली, खापरपणजोबांनंतर यात कुणी काही काढलंच नव्हतं. नाव विचारलं आणि पेन्सिल मागितली."

बेशुद्ध पडली नव्हती, तुषार. माझ्या गोष्टीपेक्षा तिची गोष्ट कितीतरी चांगली होती, आणि ती तू सतरा वर्षं माझ्यासाठी तशीच ठेवलीस. मी विचारायची वाट बघत.

मी ईरासमोर जाऊन बसलो. वही मध्ये ठेवली. अकरा वर्षांच्या मुलीसमोर मी खुर्ची उगाच पुढेमागे केली.

"ईरा, ती सरस्वती तुझ्या बाबाने नाही काढली. मी काढली."

"आय नो, काका. युअर नेम्स ऑन इट."

"मग रविवारी हसलीस का?"

"इट्स फनी." मग जरा विचार करून, "अँड यू वेअर सॅड. बाबा सेड नेव्हर करेक्ट काका. ही सेड यू'ल फिक्स इट युअरसेल्फ."

"कधी म्हणाला?"

"ही डिडन्ट से व्हेन."

मी तिला सगळी सांगितली, पहिल्यापासून. पहिल्यांदाच बरोबर माणसाच्या नावावर. वाईट सांगितली. अडखळलो, मागे गेलो. हशे जिथे जिथे यायचे तिथे एकही आला नाही. फक्त नोबलपार्काय नमः वर ती खुदकन हसली, आणि "बाबा हॅड टू बाइट हिज लिप?" असं दोनदा विचारून घेतलं. दोनदा सांगितलं.

मग तिने वही स्वतःकडे ओढली, एल्साच्या नावाशेजारचा क्रॉस दाखवला आणि विचारलं, "हू डझ बाबाज?"

मी तिला सांगितलं तुझंच वाक्य, की ज्याची वही त्याचं पान नसतं. तिला ते मुळीच पटलं नाही. पानं पुढे-मागे केली, कोरी पानं सोडून दिली, आणि होडीच्या मागच्या पानावर येऊन थांबली.

"ही कॅन शेअर युअर्स."

"अगं, माझ्या नावाशेजारी क्रॉस काढलास तर मी मेलो असं होईल."

"सो राइट हिज नेम, काका," ती म्हणाली. मी मंद आहे, हे तिला तूच सांगितलं असणार.

तिने पेन्सिल दिली. मी हात धुऊन आलो, दोनदा. केदार, डँडेनॉन्ग याच्याखाली तुझं नाव लिहिलं. खाली डार्विन. ईराने पेन्सिल परत घेतली आणि श्वास रोखून, जीभ बाहेर काढून, तुझ्या नावाशेजारी छोटासा क्रॉस केला. क्रॉस चालेल का, असं तिने मला विचारलं होतं, भटजी म्हणून. मी म्हटलं, या वहीत चालतो.

आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. डाग माझा, आणि त्याच्याखाली तुझं नाव. इतकी वर्षं तोंडाने करत होतो, ते आता लेखी करून ठेवलं.

मृणाल चहा घेऊन आली, तिने वाकून बघितलं. मी म्हणालो, "बघ, पुन्हा त्याचं नाव घातलंच मी."

"वर कुणाचं आहे?" ती म्हणाली.

वर माझं आहे, तुषार. पुढच्या गणपतीला सुहास सांगायला लावेल, तेव्हाही वर माझंच असेल. हशा कमी येईल. तू म्हणाला होतास ना, बदलावीशी वाटली तर. वाटली, पण तुझ्यादेखत नाही वाटली.